आमच्या घरात कुणाला ताप येत नाही

"ताप? छे हो," माई म्हणाल्या. "आमच्या घरात कुणाला ताप येत नाही."

वाक्य इतकं सहज सुटलं, की ऐकणाऱ्याला वाटावं, या घराला वरून लेखी सूटच मिळाली आहे. डॉक्टरीणबाईंनी हातातल्या कागदावरून मान वर केली. वयानं इतक्या कोवळ्या, की काल माईंनी त्यांना चुकून "अगं बाळ" म्हटलं होतं आणि मग दिवसभर "डॉक्टरसाहेब, डॉक्टरसाहेब" करत त्याची भरपाई केली होती.

"आजचं नाही विचारत मी. बाळंतपणाच्या आधीच्या आठवड्यात. आईला ताप, अंग मोडून येणं, डोळ्यांच्या मागे दुखणं, असं काही?"

नवजात बाळांच्या कक्षाबाहेरचा तो बोळ जेमतेम दोन हात रुंद. भिंतीला एक लाकडी बाक, त्यावर धाकटी सून, सहा दिवसांची बाळंतीण, दोन्ही तळहात शालीत गुंडाळून बसलेली. तिच्या शेजारी तिची आई, म्हणजे विहीणबाई. रोपवाटिका तशीच टाकून आलेल्या, नखांत अजून माती. खिडकीपाशी घरातली थोरली लेक, जिला सख्खी आईसुद्धा मास्तरीण म्हणायची, शाळेच्या खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांची. आणि या सगळ्या बायकांच्या मधोमध, दोन्ही हात पाठीमागे बांधून, माईंचे यजमान, दादा. बाळाचा बाप, म्हणजे घरातला धाकटा, रक्तपेढीत गेलेला.

सगळ्यांनी एकदा दादांकडे पाहिलं आणि मग फरशीकडे.

"नाही," विहीणबाई म्हणाल्या.

"नाही, तसं काही नाही," मास्तरीण म्हणाली.

"जराशी दमली होती इतकंच," माई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटीनं शाल आणखी घट्ट केली. "नाही," ती म्हणाली.

"ठणठणीत आहे आमची सून," दादा म्हणाले. "टपाल कचेरीत सकाळची पाळी करायची. शेवटच्या आठवड्यापर्यंत पत्रं लावत होती. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरीणबाई काहीतरी लिहून थांबल्या. मग शांतपणे, शाळेत उत्तर समजावतात तसं, म्हणाल्या, "हे बघा. मुलीला कालपासून ताप आहे. दूध ओढत नाही. पोटावर लाल ठिपके उठलेत. प्लेटलेट काल नव्वद हजार होत्या, आज सकाळी बेचाळीस. रक्तात जंतू शिरले असावेत असं धरून औषध चालू केलंय. ते मेंदूपर्यंत गेलेत का, हे बघायला पाठीच्या मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढावं लागेल. प्लेटलेट एवढ्या कमी असताना ती सुई धोक्याची. आत रक्त सुटलं तर थांबवणं कठीण. पण जंतू असतील तर न घालणंही तितकंच धोक्याचं. म्हणून खोदून विचारते. चार वाजता घालायची आहे."

बोळातल्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

डॉक्टरीणबाई आपल्या खोलीत गेल्या. दादा दाराच्या काचेला नाक लावून आत बघत राहिले. आत काचेच्या पेटीत त्यांची नात होती, एखाद्या मोज्याएवढी. सकाळी परिचारिकेनं टाचेत सुई टोचली तेव्हा तिनं नुसतं तोंड वाकडं केलं होतं. रडलीसुद्धा नाही.

*

आता या घरात ताप का येत नाही, तर त्याला कारण होतं दादांचा कारखाना.

झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचा हा धंदा. दादांच्या वडिलांनी एका हातपंपावर सुरू केला आणि साच्यात दोन बोटं गमावली, तेव्हा आठवडाभर हात खिशातच ठेवून वावरले, घरात कळू नये म्हणून. जेवायलासुद्धा डाव्या हातानं बसले आणि बायकोला म्हणाले, "सवय करून बघतोय." तेव्हा लपवाछपवी या घराण्याला नवी नव्हती. पण तीन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याचा निरीक्षक आला. हातात बॅटरी आणि लांब दांड्याची पळी. मागच्या आवारातल्या टायरांच्या थप्पीत त्यानं पळी बुडवली, वर काढली आणि दादांच्या नाकासमोर धरली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्याच गल्लीत तिघांना डेंग्यू झाला होता. कारखान्याला एकवीस दिवस सील.

ते एकवीस दिवस दादा रोज सकाळी नेमानं गेले, स्वतःच्याच कुलपासमोर खुर्ची टाकून बसले आणि संध्याकाळी परत आले. बाविसाव्या दिवशी कुलूप निघालं आणि तेविसाव्या दिवशी दादांच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले, यांना ताण नको.

त्या दिवशी माईंनी घरात कायदा केला. कागदावर नव्हे, नजरेनं. या घरात ताप हा शब्द दादांच्या कानावर पडायचा नाही. तेव्हापासून माणसं नुसती दमू लागली. कुणाची झोप नीट होईना, कुणाला ऊन बाधू लागलं, मास्तरीण एकदा चार दिवस "वह्या तपासून तपासून" अंथरुणावर पडून राहिली. घरात थर्मामीटर नव्हताच. म्हणजे तीन होते. माईंचा फ्रिजच्या मागे, मास्तरणीचा शाळेच्या प्रयोगपेटीत, आणि धाकट्या जोडप्याचा पावडरच्या डब्यात. प्रत्येकाला वाटे, आपला एकच.

*

"मी जरा तोंड धुऊन येते," माई म्हणाल्या आणि बेसिनच्या बरोबर उलट्या दिशेला निघाल्या.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीचं दार त्यांनी आत शिरून आपल्यामागे लावलं, मग पुन्हा उघडून बोळात कुणी आहे का पाहिलं, मग पुन्हा लावलं.

"एकशे एक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ताप. तिला. बाळंत व्हायच्या दोन दिवस आधी. मी स्वतः लावून बघितला. झोपेत लावला, तिलासुद्धा माहीत नाही."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, मग मघाशी 'नाही' का म्हणालात?"

"मघाशी हे होते ना."

"कोण हे?"

"हे," माई म्हणाल्या. "त्यांना कळलं तर छातीत कळ येते. त्यांना वाटतं, तीन वर्षांत आमच्याकडे कुणाला साधी शिंकसुद्धा आलेली नाही. साहेब, एवढं करा, तुमच्या मनात ठेवा."

"मनात कसं ठेवू? हे लिहावं लागेल."

"लिहा. पण पेनानं कशाला? पेन्सिलीनं लिहा ना."

डॉक्टरीणबाईंनी पेनानंच लिहिलं आणि परिचारिकेला हाक मारायला दार उघडलं. माई बाहेर पडल्या. समोरून विहीणबाई येत होत्या, डोक्यावरून पदर ओढून, चोरासारख्या. लग्नाला सव्वा वर्ष झालं, पण या दोघी एकमेकींशी दोन वाक्यांच्या वर बोलल्या की तिसरं वाक्य टायरचं नाहीतर कुंड्यांचं असायचं. माईंच्या मते शहरातले निम्मे डास विहीणबाईंच्या रोपवाटिकेत वाढत, कुंडीखालच्या बशांमध्ये. विहीणबाईंच्या मते उरलेले सगळे टायरमध्ये.

"तोंड धुतलंत?" विहीणबाईंनी विचारलं.

"धुतलं," कोरड्या तोंडानं माई म्हणाल्या. "तुम्ही?"

"मी पाणी शोधतेय."

"तिकडे आहे."

"हो का," म्हणत विहीणबाई सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरल्या.

*

मास्तरीण दर वर्षी सातवीच्या वर्गाला डासाचं जीवनचक्र शिकवायची. फळ्यावर अंडी, अळी, कोष, डास, आणि मग त्या डासाच्या पायांवर पांढरे पट्टे, एकेक करून. "हा डास दिवसा चावतो, मुलांनो. स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. आणि ताप आला तर काय करायचं?" सगळा वर्ग ओरडायचा, "मोठ्यांना सांगायचं!"

गेल्या रविवारी तिनं भावजयीच्या काखेत थर्मामीटर लावला होता. एकशे दोन पूर्णांक चार. धाकटी म्हणाली होती, "ताई, दादांना नका सांगू हं." आणि सातवीच्या वर्गाच्या बाईंनी थर्मामीटर झटकून प्रयोगपेटीत टाकला होता. दुसऱ्याच दिवशी कळा सुरू झाल्या, त्या धांदलीत ताप मागेच पडला. बाळंतपणात रक्त जरा जास्त गेलं, तेही सगळ्यांनी पहिलटकरणीच्या खात्यावर टाकलं.

पाय न वाजवता तिनं डॉक्टरांच्या खोलीचं दार ढकललं आणि खुर्चीत विहीणबाई बसलेल्या दिसल्या.

"तुम्ही इथे?"

"मी पाणी शोधत होते."

"डॉक्टरांच्या टेबलाखाली?"

"आणि तू गं? तुला काय हवंय?"

"मी... खडू धुवायला."

डॉक्टरीणबाई दोघींकडे आलटून पालटून बघत होत्या. "बसा," त्या मास्तरणीला म्हणाल्या. "या बाईंचं म्हणणं, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी मुलीला भेटायला गेल्या तेव्हा तिचं कपाळ तव्यासारखं लागत होतं. तवा म्हणजे नेमका किती, ते अजून ठरलेलं नाही."

"एकशे दोन पूर्णांक चार," मास्तरीण म्हणाली आणि खाली बसली. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मला कळायला हवं होतं. मी शिकवते हे."

"तुला माहीत होतं?" विहीणबाई फिरल्या. "आणि मला सांगितलं नाहीस? मी तिची आई आहे!"

"तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत!"

"कशी सांगणार? सांगितलं असतं तर तुझी आई म्हणाली असती, माझ्याच कुंड्यांतून आला."

"म्हणाली असतीच."

"मग!"

टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टरीणबाईंनी उचलला. "हो. बोला. कुठून बोलताय? रक्तपेढीतून? हो, मीच बोलतेय." मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. "एकशे तीन? पावडरच्या डब्यात? बरं. नाही, नाही सांगत तुमच्या वडलांना. अहो, मी कशाला सांगू?"

फोन खाली ठेवला तोच परिचारिका एक चिठ्ठी घेऊन आत आली. दूध पाजण्याच्या वेळा लिहायच्या कागदाचा फाडलेला कोपरा, चार घड्या घातलेला. वर टपाल कचेरीच्या वळणदार अक्षरात 'डॉक्टरांनाच द्यावी'. आत लिहिलं होतं: *मला ताप होता. बाळ जन्मायच्या दोन दिवस आधीपासून. आता तळहातांना खाज येते, लाल झालेत. सुई घालू नका, आधी माझं रक्त बघा. मोठ्यानं काही विचारू नका, दादा बाकावर आहेत.*

डॉक्टरीणबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. त्यांच्या कोवळ्या चेहऱ्यावरचा कोवळेपणा गेला होता.

"एका तापाचे मला पाच जबाब मिळालेत," त्या म्हणाल्या. "एकशे एक, तवा, एकशे दोन पूर्णांक चार, एकशे तीन आणि ही चिठ्ठी. प्रत्येकाला वाटतंय, फक्त आपल्यालाच माहीत. आणि मी चार वाजता त्या एवढ्याशा पाठीत सुई घालणार होते."

विहीणबाई नखांतली माती काढू लागल्या.

"सुई थांबवते. आईचं आणि बाळाचं रक्त डेंग्यूसाठी तपासायला पाठवते. बाळंतपणाच्या ऐन तोंडावर आईला डेंग्यू झाला, तर नाळेतून तो बाळाला जाऊ शकतो. बाळाला डास चावायची गरज नसते." त्या उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "आणि तसं निघालं, तर मला आरोग्य खात्याला कळवावं लागतं. ते पेन्सिलीनं चालत नाही."

*

धाकटीला बाकावरून सगळं दिसत होतं. कोण कुठल्या दिशेला गेलं, कोण किती वेळात आलं. टपाल कचेरीत आठ वर्षं पत्रं लावून तिला एवढं कळायला लागलं होतं, की पाकीट कितीही बंद असलं तरी कुठून कुठे चाललंय ते वरूनच समजतं. तिचं रक्त घेऊन परिचारिका गेली, आणि दादा "पाय मोकळे करतो" म्हणून उठले, तशा तिन्ही बायका तिच्याभोवती गोळा झाल्या.

"तू चिठ्ठी लिहिलीस," मास्तरीण म्हणाली.

"तुम्ही तोंडी सांगितलंत," धाकटी म्हणाली. "आणि माई, तुम्ही मला झोपेत थर्मामीटर लावलात. मी जागी होते."

माईंनी पदर तोंडाला लावला. मग एकदम त्यांचा बांध फुटला. "माझ्यामुळे झालं. मीच सगळ्यांची तोंडं बांधली."

"रडू नका," विहीणबाई म्हणाल्या. "आता निरीक्षक येणार, त्याचं बघा. मी म्हणते, सांगून टाकू, डास माझ्याकडचा. महिन्यापूर्वी ही माझ्याकडे दोन दिवस राहिली होती. माझ्या कुंड्यांच्या बशांत पाणी असतंच. मला काय, मला सगळे तसंही बोलतात. पळीवाला माझ्याकडे येऊ दे. तुमच्या कारखान्याला सील नको, दादांच्या छातीला कळ नको."

माईंनी डोळे पुसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी विहीणबाईंचा मातीचा हात हातात घेतला. "केवढं मोठं मन तुमचं," त्या म्हणाल्या, आणि श्वास घेऊन पुढे म्हणाल्या, "आणि तसं असूही शकतं म्हणा."

"म्हणजे?"

"नाही, तुमच्याकडे डास असतातच ना."

"मी उपकार म्हणून म्हणत होते!"

"तेच ते. पण मी तुम्हाला असं अडकवणार नाही. डास आमचाच."

"माझाच!"

"टायरमधला होता!"

"बशीतला होता, मी सांगते ना!"

"महिन्यापूर्वी चावलेल्या डासाचा ताप महिन्यानं येत नाही," मास्तरीण म्हणाली. "चार ते दहा दिवस. सातवीचा धडा आहे."

दोघींनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती सातवीतली मुलगी व्हावी.

धाकटी हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा. मग तिचं हसू गेलं. डास कुठला ते तिला माहीत होतं, किंवा माहीत असल्यासारखं होतं. पण ते गुपित तिचं नव्हतं. तिनं शब्द दिला होता.

"दादा कुठे आहेत?" तिनं विचारलं.

बोळ रिकामा होता. डॉक्टरांच्या खोलीचं दार लागलेलं होतं.

*

"सुनेला ताप नव्हता," दादा म्हणत होते. ते खुर्चीत बसले नव्हते. "ते खरंच आहे. पण मला होता. याचा काही उपयोग होतो का, ते विचारायला आलो."

डॉक्टरीणबाईंनी समोरचा कागद हळूच उलटा केला. "कधी?"

"आज पंचवीस दिवस झाले. चार दिवस होता. तुम्ही मघाशी म्हणालात ना, डोळ्यांच्या मागे दुखणं? तेव्हा मला धस्स झालं. माझे डोळे असे दुखत होते, की साच्याचा आकडा वाचता येईना. आमच्या साच्याला दीडशे अंश लागतात, डॉक्टर. रोज दीडशे बघणारा माणूस अंगाच्या कढाला काय ताप म्हणणार?"

"घरी सांगितलं नाहीत?"

"घरी?" दादा घाबरलेच. "अहो, माझ्या घरची माणसं फार हळवी. मला जरा काही झालं की हिचं जेवण सुटतं. तीन वर्षं सगळे माझ्या छातीला जपतात. त्यात मी ताप घेऊन कुठे जाऊ? म्हटलं, मागच्या शेडमध्ये पडून राहावं. दुपारी तासभर, टायरांच्या सावलीत. धाकट्या सुनेनं तेवढं ओळखलं. पाळीवरून आली की माझ्यासाठी चहा घेऊन तिकडे यायची. थर्मासमधून. बसायची माझ्याजवळ, म्हणायची, 'दादा, डॉक्टरकडे चला.' मी म्हटलं, कुणाला बोलू नकोस. ती बोलली नाही."

त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"मला सांगा," ते म्हणाले. "मला चावलेला डास तिला चावला, तर?"

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता येत होतं, पण या घरात एका दिवसात पुरेसं खोटं बोलून झालं होतं. "डासाला मध्ये आठ-दहा दिवस लागतात," त्या म्हणाल्या. "ताप चालू असताना तो तुम्हाला चावला, नंतर तिला चावला, आणि मग तिला ताप आला, तर दिवस जुळतात. पण खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. दुसराही डास असू शकतो."

"मी तिथेच झोपत राहिलो. ताप गेल्यावरसुद्धा. सावली बरी वाटायची. आणि ती चहा आणत राहिली."

तेवढ्यात दार उघडलं. तिन्ही बायका एकदम आत शिरल्या आणि दाराच्या चौकटीत अडकल्या, मागे धाकटी.

"अहो, ऐका, डास माझ्याकडचा," विहीणबाई म्हणाल्या.

"कुठला डास?" दादा म्हणाले.

"तिला ताप होता त्याचा," मास्तरीण म्हणून गेली.

"कुणाला ताप होता?"

डॉक्टरीणबाईंनी उलटा केलेला कागद सुलटा केला, खाली एक ओळ लिहिली आणि तो दादांपुढे सरकवला. दादांनी चष्मा लावला. एकशे एक. तवा. एकशे दोन पूर्णांक चार. एकशे तीन. चिठ्ठी. खाली अजून शाई न वाळलेला त्यांचा स्वतःचा, कुणीच न मोजलेला ताप.

माई त्यांच्या छातीकडे बघत होत्या. सगळ्याच बघत होत्या.

"तीन वर्षं?" दादा म्हणाले.

"तुमच्यासाठी," माई म्हणाल्या.

"आणि मी तुझ्यासाठी चार दिवस टायरमध्ये लोळलो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रागवावं की काय करावं हे त्यांचं ठरत नव्हतं. "सगळ्यांना थर्मामीटर आणि मला एक नाही? निदान एखादा मला तरी द्यायचा!"

"तुमच्यासमोर कसा काढणार?" माई म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या.

दादांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला लावताय?" माईंनी विचारलं.

"पळीवाल्याला."

"अहो! अजून रक्ताचा निकाल यायचाय!"

"निकाल बाळाचा येईल. माझा आलाय." ते धाकटीकडे वळले. तिच्या शालीतून त्यांनी तिचा हात बाहेर काढला आणि तो लालभडक तळहात बघत राहिले. "पोरी, मी बोलू नको म्हटलं, तर बोलायचं नाही काय गं?"

"तुम्ही सासरे आहात," धाकटी म्हणाली. मग तिचं तिलाच आवरेना. "आणि मला वाटलं, माझ्यामुळे कारखाना बंद पडेल आणि तुम्हाला काही होईल, तर मी या घरात तोंड कुठे दाखवू?"

"कारखाना गेला उडत," दादा म्हणाले. असं ते आयुष्यात कधी म्हणाले नव्हते. फोन लागला होता. "हॅलो. मी टायरवाला बोलतोय. तुमची पळी घेऊन या."

*

निकाल संध्याकाळी आला. मायलेकी दोघींनाही डेंग्यू. यावर औषध नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सलाइन मोजून द्यायचं, प्लेटलेट मोजत राहायचं, रक्तस्रावावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची आणि वाट बघायची.

वाट बघणं या घराला जमत नसे. दुसऱ्या दिवशी बाळाच्या प्लेटलेट तीस हजार झाल्या. तिसऱ्या दिवशी अठरा, आणि सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपायला लागलं. तेव्हा धाकट्यानं रक्तपेढीतून आणलेली प्लेटलेटची पिशवी तिला चढवली. पिवळसर, ढगासारखी. विहीणबाई आणि माई एकाच बाकावर, एकाच शालीत, हात घट्ट धरून बसल्या. चार तासांत डास, टायर, कुंड्या यांतला एक शब्द निघाला नाही, यावरून मास्तरणीनं ओळखलं, किती घाबरल्यात ते.

मधल्या वेळात निरीक्षक येऊन गेला. चौदाशे टायरांपैकी मागच्या रांगेतल्या अकरांत अळ्या निघाल्या. वरची ताडपत्री तिथे फाटली होती. रोपवाटिकेत चार बशा निघाल्या. शेवटी त्यानं घरातला फ्रिज ओढला, तर मागच्या ट्रेमध्ये साठलेल्या पाण्यात अळ्या, आणि शेजारी थर्मामीटर. "हा कुणाचा?" त्यानं विचारलं. "माझा," माई म्हणाल्या, पोलिसांपुढे चोरानं म्हणावं तशा. कारखान्याला एकवीस दिवस सील लागलं. दादांनी स्वतः कुलूप धरलं, लाख नीट बसली का ते पाहिलं आणि निरीक्षकाला म्हणाले, "मागच्या खेपेला वाकडं लावलं होतंत." मग खुर्ची न मागता सरळ रुग्णालयात आले.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे बोळात होते. परिचारिका टाचेतून रक्त घ्यायला आत गेली आणि दार लागलं. काचेवर आतून पडदा. माई ओठ हलवत होत्या. धाकटा भिंतीकडे तोंड करून उभा.

आणि आतून किंकाळी आली.

साधं रडणं नव्हतं ते. टायर फुटावा तसा आवाज, आणि त्यामागोमाग दुसरा, आणि मग श्वास घ्यायलाही न थांबता संतापाची अशी सरबत्ती, की शेजारच्या पेट्यांतली बाळंही जागी होऊन रडायला लागली. धाकटी ताडकन उठली. तिच्या कुडत्यावर दुधाचे दोन डाग उमटले.

"आवाज माझ्यावर गेलाय," विहीणबाई म्हणाल्या.

"तुमच्यावर कुठला?" माईंनी शालीतला हात सोडवून घेतला. "आमच्या घराण्याचा आवाज आहे तो."

"तुमच्या घराण्यात आवाज काढतं कोण?"

दार किंचित उघडून परिचारिका बाहेर डोकावली. केस विस्कटलेले. "आकडा तासाभरानं येईल," ती म्हणाली. "पण आई कुठेय? हिला भूक लागलीय, आणि ही मला लाथा मारतेय."

धाकटी आत धावली. दार अर्धं उघडंच राहिलं आणि आतला दंगा पूर्ण बोळभर झाला. दादा काचेपाशी गेले नाहीत. आहेत तिथेच बाकावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून.

"अहो, छाती?" माईंनी विचारलं.

"दुखतेय," दादा म्हणाले. "थोडी. डाव्या बाजूला. आज सकाळपासून. आणि गुडघाही दुखतोय. आणि मला भूक लागलीय."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्तरणीला हाक मारली, "अगं, जा, डॉक्टरांना बोलव, दादांची छाती बघायला सांग," आणि तेही पार आतपर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं.